तुझ्या पोटात थांबलेली गोळी

मिलिंद,

पट्टा बरोबर होता. हे वाक्य तुझ्या तोंडून ऐकायला मी वर्षभर टपून बसलो होतो. तू ते कधी म्हणाला नाहीस आणि आता म्हणणारही नाहीस. आपला वाद माझ्या बाजूने सुटला आहे. तो असा सुटणार हे माहीत असतं, तर मी पहिल्याच आठवड्यात त्या पट्ट्याच्या तारा माझ्या हाताने तोडल्या असत्या.

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाच्या सभेला आलो होतो. लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलले. तुमच्या फार्मसी कॉलेजचे प्राचार्य बोलले, राजूरहून आलेले तुझे मामा बोलले. तू फार शांत स्वभावाचा होतास असं सगळ्यांनी सांगितलं. मागच्या खुर्चीवर बसून मी ऐकत होतो आणि हे नेमकं कोणाबद्दल चाललं आहे ते मला कळेना. माझ्याशी तू एक दिवस तरी शांतपणे बोलला असशील तर शपथ. मला बोलायला सांगितलं तेव्हा उठलो, तुझ्या फोटोकडे पाहिलं आणि पुन्हा बसलो. नंदावहिनींनी लांबूनच हात जोडले, म्हणजे राहू द्या भाऊजी. तिथे जे बोलता आलं नाही ते आता लिहितो आहे.

माझ्या आयुष्यात तू आलास तो फुटक्या इअरफोनमधलं चुंबक घेऊन. तू फार्मसी शिकवायचास, मी शेजारच्या कॉलेजात फिजिक्स. दोन्ही कॉलेजांच्या मधल्या टपरीवर आपली तोंडओळख होती, त्यापलीकडे काही नाही. त्या दिवशी तू समोर बसलास आणि बोटाच्या टोकावर चिकटलेला तो लहानसा तुकडा माझ्या कपाशेजारी धरलास.

"सर, हे कोनी गिळलं तं बाहेरून समजन का, आता कुठी हाये म्हनून?"

"गिळायचं काहून पन?"

"गोळीत घालून. गोळी कुठं कुठं जाते ते पाहाचं हाये मले."

चुंबक असेल तर बाहेरून कळायला हरकत नाही, असं मी म्हणालो. एवढंच म्हणालो. दुसऱ्या दिवशी तू माझ्या प्रयोगशाळेत हजर, आणि 'सर'वरून 'अव्या'वर यायला तुला महिनाही लागला नाही. तेव्हा मी कित्येक वर्षं तेच तेच प्रयोग त्याच त्या मोडक्या उपकरणांवर शिकवत होतो आणि निवृत्तीची वाट पाहत होतो. त्या खुर्चीतून तू मला उठवलंस. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हणालो नाही. आपल्यात तसं बोलायची पद्धत नव्हती, एकमेकांच्या चुका काढायची होती.

तुझ्या या वेडाच्या मुळाशी तुझी आई होती, हे मला बरंच उशिरा कळलं. राजूरला असताना तिला गुडघ्यांसाठी गोळ्या सुरू होत्या. कोऱ्या चहाच्या घोटाबरोबर गोळी टाकायची आणि लगेच खाटेवर आडवं व्हायचं, ही तिची रीत. गोळी पोटात पोचायचीच नाही. अन्ननलिकेत चिकटून तिथेच विरघळायची, आणि शेवटी तिथे जखम झाली. तिला पाणी गिळता येईना तेव्हा कुठे दवाखान्यात नेलं. डॉक्टर तिच्यावर चिडले, आणि ती बिचारी म्हणत राहिली, "गोयी तं रोज घेतली मी, एक बी दिवस चुकवली नाही." हे सांगताना तुझा आवाज चढायचा.

"पुस्तकात लिवलं हाये का गोळी घेतली का पोटात जाते. माह्या मायच्या छातीत अटकली. ते पुस्तक कोनाचं पोट पाहून लिवलं, सांग ना मले."

हाच तुझा सगळा सिद्धान्त. पुस्तकातलं पोट आपलं नाही. ते पोट वेळेवर न्याहारी करतं, पेलाभर पाणी पितं, खुर्चीत ताठ बसतं. आपल्याकडचं पोट शिळी भाकरी आणि ठेचा खाऊन वावरात जातं, दिवसभर ओणवं राहून कापूस वेचतं आणि आठवलं तर गोळी घेतं. या पोटात गोळी किती वेळ कुठे राहते हे कोणी पाहिलेलंच नाही, तर ती कधी घ्यायची हे कशाच्या आधारावर सांगतो आपण, असं तू विचारायचास. मी पट्टा बनवायला घेतला.

पट्टा म्हणजे दप्तराच्या जाड पट्टीला शिवलेली, चुंबक ओळखणारी लहान लहान सेन्सरं. पोटाभोवती बांधायचा आणि प्लास्टिकचं बकल लावायचं. नळी घालायची नाही, क्ष-किरण नाही, सुई नाही. ज्याला तपासायचं त्याने औषध नसलेली एक बंद गोळी गिळायची, आत तांदळाच्या दाण्याएवढं चुंबक. ते पोटात पुढे सरकेल तसा पडद्यावर ठिपका सरकतो. सांगायला एवढं सोपं आहे, पण पहिले काही महिने त्या ठिपक्याने आपल्याला रडवलं. लोखंडी स्टुलावर बसलं की तो पळायचा. खिशात किल्ली राहिली की पळायचा. रस्त्यावरून कापसाचा ट्रॅक्टर गेला तरी थरथरायचा. शेवटी लाकडी पाट आणून त्यावर माणसाला बसवायला लागलो, आणि पॅन्टच्या बटणाचाही त्रास नको म्हणून एक लुंगी आणून ठेवली. पोटातली गोळी शोधताना माणसाला लुंगी नेसवून पाटावर बसवणारे आपण दोघं. कॉलेजातली पोरं बाहेर हसायची.

नियम मात्र तू कडक ठेवलेस. माणसांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीची मान्यता मिळेपर्यंत एकही गोळी कोणाच्या पोटात जाऊ दिली नाहीस. फक्त निरोगी माणसं घ्यायची, हा नियम तू स्वतः लिहिलास. एकाच्या पोटात एका वेळी एकच गोळी, हा दुसरा. आधीची बाहेर पडल्याची खात्री झाल्याशिवाय दुसरी द्यायची नाही, कारण दोन चुंबकं आतड्याच्या दोन वळणांतून एकमेकांना ओढतात आणि मधलं आतडं चिमटतं, फाटतं. हा नियम तू मोठ्या अक्षरांत दारावर चिकटवला होतास. आणि सुरुवात आपल्या दोघांपासून करायची, हेही तूच ठरवलंस. लोकांना गिळायला सांगतो ते आधी आपण गिळलं पाहिजे, म्हणालास.

माझी गोळी सरळ गेली. ती पोटात तासन् तास रेंगाळते यावरून तू माझी भरपूर थट्टा केलीस. "सरकारी गोळी हाये तुही, जेवनाच्या सुट्टीत बसली का उठत नाही." पुढे मात्र ती नेमाने सरकत गेली, जशी जायला हवी तशी. तुझी पोटातून लवकर निघाली आणि उजव्या बाजूला खाली, लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथे, थांबली. तिथे सगळ्यांचीच थोडी थांबते. तुझी जास्त थांबली. दुसऱ्या खेपेला आणखी जास्त.

"तुह्या पट्ट्यात खोट हाये," तू म्हणालास.

इथून आपलं भांडण सुरू झालं. पट्ट्याचा तो कोपरा मीच नव्याने सोल्डर केला होता, कारण तू पट्टा एकदा खाली पाडला होतास. त्यामुळे तुझ्या म्हणण्यात तथ्य असू शकत होतं. मी सेन्सर बदललं. तुझी गोळी तिथेच थांबली. मी सगळा कोपरा बदलला. तिथेच. मग तोच पट्टा मी स्वतःला बांधून गोळी गिळली आणि माझी बिनबोभाट पुढे गेली. तो आलेख तुझ्यासमोर आपटला तेव्हा तू गप्प होशील असं मला वाटलं होतं.

तू गप्प झाला नाहीस. तुझा चेहरा उजळला, आणि तो उजळलेला चेहरा आजही मला सहन होत नाही.

"अव्या, पाह्यलं का तू? तू वरनभात खाते, तुही गोळी पुस्तकासारखी जाते. माह्या पोटात भाकर हाये. आपल्या इकडच्या पोटात गोळी थांबतेच, बावा. हेच तं मी सांगून राह्यलो होतो."

तुला पुरावा मिळाला होता. इतकी वर्षं पुस्तकाशी भांडत होतास आणि आता तुझ्या स्वतःच्या पोटाने तुझी बाजू घेतली होती. त्या आनंदात तू नंदावहिनींना सांगून सकाळ-संध्याकाळ भाकरीच खायला लागलास. कळंबची तीन-चार शेतकरी माणसं तपासून घ्यायला तयार झाली होती, त्यांच्या पोटातही असंच दिसणार याबद्दल तुला जराही शंका नव्हती. वर्गात मुलांना सांगायचास की लवकरच पुस्तकात दुरुस्ती करावी लागणार आहे. आणि मी पट्टा बांधताना पाहत होतो की बकल दर वेळी आणखी आत सरकवावं लागतं.

मी तुला म्हणालो होतो. पहिल्यांदा हसत म्हणालो, मग चिडून म्हणालो. एका माणसाचं पोट म्हणजे जिल्हा नाही. तू वाळला आहेस, तुझ्या ओठांचा रंग गेला आहे, दोन जिने चढून आलास की पंख्याखाली बसतोस. एकदा पोटाची सोनोग्राफी करून घे. तू म्हणालास, "तुले माह्या शोधाचा त्रास होऊन राह्यला." हे तू गमतीने म्हणालास की मनापासून, ते मला तेव्हाही कळलं नाही. मला राग आला आणि आठवडाभर मी तुझ्याकडे फिरकलो नाही. वहिनीही तुला बोलत होत्या. परवा त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमी बोलले, मी बोलली, त्यानं कोनाचं आयकलं?" आम्ही दोघं तुझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून तुझ्यावर चिडलो होतो. तू गेल्यावरही तुझा राग येणं थांबलेलं नाही.

कोणी अडाणी माणूस असता तर पोट दुखतं म्हणून डॉक्टरकडे गेला असता. तुला आतड्याचा इंच न् इंच माहीत होता, म्हणून प्रत्येक लक्षणाला तुझ्याकडे उत्तर होतं. थांबणं भाकरीमुळे, वाळणं धावपळीमुळे, थकवा परीक्षेच्या पेपरांमुळे. इतकं शिकून माणूस स्वतःला इतकं फसवू शकतो, हे मी तुझ्यामुळे पाहिलं.

मग ती शेवटची गोळी. दिवस उलटले तरी ती बाहेर पडल्याचं पट्टा दाखवेना. ठिपका त्याच कोपऱ्यात बसलेला. आणि इथे तू पुन्हा उलटलास. आतापर्यंत थांबणं खरं होतं, तुझ्या कामाचं होतं. कायमचं थांबणं मात्र तुझ्या सिद्धान्तात बसत नव्हतं. तेव्हा पट्टा पुन्हा खोटा झाला.

"निघून गेली असन ते कधीचीच. पट्टा जुनंच दाखवून राह्यला. दे दुसरी, गिळून दाखवतो."

मी गोळ्यांची डबी उचलून खिशात घातली. तू हात पुढे केलास, मी मागे सरलो. दोन पिकल्या केसांचे मास्तर टेबलाभोवती फिरत होते. तू म्हणालास, डबी फार्मसीची आहे. मी म्हणालो, दारावरचा नियम तुझा आहे. मग मी कपाट उघडलं आणि मुलांच्या प्रयोगाचं साधं होकायंत्र काढलं. त्यात ना तार ना सेन्सर. माझ्यावर विश्वास नको ठेवू, याच्यावर ठेव, म्हणालो.

तू पाटावर बसलास. होकायंत्र पोटाजवळ नेलं आणि सुई वळली.

"पॅन्टचं बटन हाये," तू म्हणालास.

आत जाऊन लुंगी नेसून आलास. घड्याळ काढून ठेवलंस, चष्मा काढून ठेवलास, पुन्हा बसलास. मी होकायंत्र डावीकडे नेलं तेव्हा सुई उत्तरेला होती. हळूहळू उजवीकडे आणलं, खाली आणलं. तुझ्या पोटावर मांस उरलेलं नव्हतं, त्यामुळे ते जवळ धरता येत होतं. त्या कोपऱ्याशी आल्यावर सुई थरथरली आणि आत वळली. तू माझ्या हातातून होकायंत्र घेतलंस, स्वतः धरून पाहिलंस, पुन्हा एकदा पाहिलंस. मग ते पाटावर ठेवलंस. बाहेर रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. कपडे बदलून तू म्हणालास, "चाल. कोनता डॉक्टर म्हनत होता तू?" त्या दिवशी मला वाटलं की आपण वेळेत आहोत.

नागपुरात स्कॅनच्या आधी तिथल्या माणसाने विचारलं, शरीरात काही धातू आहे का. "हाये, आमचाच हाये," तू म्हणालास, आणि त्याला काही समजेना. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीलाच गाठ होती आणि तिने वाट आवळून टाकली होती. ऑपरेशननंतर सर्जन बाहेर आले. गोळी अरुंद जागेच्या किंचित अलीकडे अडकलेली सापडली, असं सांगत त्यांनी स्वतःच्या पोटावर बोट ठेवून दाखवलं. नेमका तोच कोपरा. मिलिंद, माझ्या छातीत काहीतरी उसळलं आणि ते दुःख नव्हतं. माझा पट्टा बोटभरही चुकला नव्हता याचा तो आनंद होता. तो मावळायच्या आत सर्जनचं पुढचं वाक्य आलं, की आजार यकृतापर्यंत गेला आहे. त्यानंतर मी कुठल्याही गोष्टीत बरोबर ठरलो की मला कसंतरी होतं.

पुढचे महिने मी लिहिणार नाही. तुझ्या घरच्यांनी ते पाहिले, मी पाहिले, पुरे झाले. एवढंच लिहितो की शेवटी आतड्याची वाट पुन्हा बंद झाली आणि तोंडावाटे काही द्यायचं नाही असं ठरलं. पाण्याचा बोळा फक्त ओठांवर. दुखणं थांबवायचं औषध कातडीवर चिकटवलेल्या पट्टीतून आणि शिरेतून. तू खाटेवरून वर टांगलेल्या बाटलीकडे बघायचास. "सारी उमर तोंडानं घ्याच्या दव्यांचं शिकवलं, अन् आता तोंडालेच कुलूप," म्हणालास. मी हसायला हवं होतं, कारण तू ते हसण्यासाठी म्हणाला होतास. मला जमलं नाही.

त्याच दिवशी दुपारी आपलं शेवटचं भांडण झालं. उन्हं तापायला लागली होती आणि वहिनींनी खिडकीला ओली चादर लावली होती. माझी आणि त्या कळंबच्या माणसांची तपासणी पुरी झाली होती. तुझे आकडे, माझे आकडे, त्यांचे आकडे, सगळं एकत्र मांडायचं बाकी होतं. तू डोळे मिटूनच म्हणालास, "माहे आकडे काढून टाक."

"काहून?"

"मी निरोगी नोतो. नियम आपलाच हाये."

"तवा कोनाले माहीत होतं? पहिल्या गोळ्या तं निघाल्या होत्या तुह्या."

"थांबत होत्या ना. तूच बोंबलत होता का माह्यात काही बिघडलं हाये म्हनून."

"अन् भाकर? आपलं पोट वेगळं हाये म्हनत होता ते?"

"भाकर गेली चुलीत. माह्या पोटात गाठ होती, ते थांबवत होती."

मिलिंद, आपण तेव्हा बाजू बदलल्या. तुझा सिद्धान्त मी लढवायला लागलो आणि माझा पट्टा तू. मी म्हणालो, सगळंच थांबणं गाठीमुळे असेल कशावरून, थोडं भाकरीमुळेही असेल. एक माणूस ठेवला तर काय बिघडतं, खाली टीप देऊ. माझे शब्द मलाच खोटे वाटत होते आणि तरी मी बोलत राहिलो, कारण तुला काढून टाकायचं म्हणजे काय, हे मला खाटेशेजारी बसून दिसत होतं. तू डोळे उघडलेस.

"आयक. माह्या आजारी पोटानं दुसऱ्याच्या गोळीचा वेळ ठरला, तं लोक चुकीच्या वेळी दवाई घेतीन. माह्या मायचं काय झालं ते ठाऊक हाये ना तुले? काढ मले. अन् कारन लिवजो. आजार म्हनून सरळ लिवजो."

"मी नाही काढत."

"मास्तर असून असं करते का बे," एवढं बोलून तू भिंतीकडे कूस वळवलीस. मी वहिनींना येतो म्हणून निघालो. दुसऱ्या दिवसापासून तू झोपेतच होतास. नाही म्हणून मी उठलो होतो, ते नाहीच तुझ्याकडे राहिलं.

तुला हो म्हणायला मी दोनदा आलो होतो. शेजारी बसलो, हात धरला, तोंडापर्यंत आलेलं गिळलं. तू ऐकत असशील असं सगळे म्हणत होते, आणि तू ऐकत असलास तर ते तुला निरोप दिल्यासारखं झालं असतं. माझ्यासारख्या तोंडाळ माणसाला नेमकं तेव्हा बोलता आलं नाही. तू माझी वाट पाहत होतास का, हे आता मला कोण सांगणार?

काल सकाळी प्रयोगशाळा उघडली. पाट भिंतीला लावून ठेवला. पट्टा खुंटीवर होता, तो तसाच राहू दिला. संगणकावर तुझे आकडे उघडले. तू पहिला, म्हणून सगळ्यात वर. शेवटच्या रकान्यात, वगळलं असेल तर कारण लिहायचं असतं. एकेकाळी तू तिथे 'पट्ट्यात दोष' लिहायचा हट्ट धरायचास आणि मी लिहू देत नव्हतो. काल मी ते लिहायला तयार होतो. खरंच तयार होतो, मिलिंद. ते लिहिलं असतं तर कागदावर तरी तू धडधाकट राहिला असतास. पण तू खाटेवरून काय म्हणाला होतास ते आठवलं आणि मी लिहिलं, आतड्याचा आजार.

मग तुला वगळून आलेख पुन्हा काढायला लावला. तुझ्या जागी मोठं भगदाड पडेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. कळंबच्या माणसांची गोळीही माझ्यासारखीच, त्या कोपऱ्यात जराशी थांबून पुढे निघाली आहे, भाकरी खाऊनसुद्धा. रेघ थोडी खाली सरकली आणि सरळ झाली. गोळी आता सगळ्यांच्या पोटात वेळेवर पोचते आहे, पुस्तकात लिहिलं आहे अगदी तशी.